निर्दयांच्या सहवासात नोकरी

कचेरीतील जाचाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा तापट साहेबाचे चित्र उभे राहते. परंतु जो अधिकारी चारचौघांत ओरडतो, फाइल भिरकावतो आणि संध्याकाळी स्वतःच चहा पाजून झाले गेले विसरून जातो, त्याच्यापायी मनस्ताप झाला तरी माणसाचे आयुष्य सहसा उद्ध्वस्त होत नाही. ज्याचे खरे भय बाळगावे, तो गृहस्थ निराळा असतो. त्याच्या वाणीत आर्जव, वागण्यात आदब आणि मुद्रेवर प्रसन्नता असते. तुमच्या मुलीच्या लग्नात तो पंगतीला वाढायला उभा राहतो, आणि त्याच आठवड्यात तुमच्याविरुद्धचा तक्रारअर्ज, तुम्हांला सुगावाही लागू न देता, तुमच्याच मित्राच्या सहीने वर रवाना करतो. केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार अशाच माणसांना पाहून रूढ झाला असावा. हे करताना त्याला राग आलेला नसतो, नंतर वाईटही वाटत नाही, आणि तुमची झोप उडाली असता त्याला मात्र गाढ झोप लागते.

अशा माणसाशी गाठ पडली तर काय करावे, याविषयी महानगरांतील सल्लागारांचा एक ठराविक उपदेश असतो : नोकरी सोडा. नांदेड-लातूरच्या नोकरदाराला हा उपदेश ऐकायला बरा, पण आचरायला कठीण. आपल्याकडे पगाराची नोकरी देणारी दारे मोजकीच : शिक्षणसंस्था, जिल्हा परिषद, महसूल खाते, विष्णुपुरीचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था, सहकारी बँक, साखर कारखाना, लातूरच्या दाळमिली आणि आडत दुकाने, आणि गेल्या दोन-तीन दशकांत 'लातूर पॅटर्न'च्या आश्रयाने वाढलेले खाजगी शिकवण्यांचे विश्व. अनुदानाचा टप्पा कधी पडेल याची वाट पाहत ज्या शिक्षकाने उमेदीची वर्षे तुटपुंज्या मानधनावर घालवली, त्याने राजीनामा देणे म्हणजे ती सारी वर्षे पाण्यात घालणे होय. त्यातही येथे वरिष्ठ हा केवळ वरिष्ठ नसतो; तो नात्यागोत्यातला, भावकीतला किंवा ज्याच्या शब्दावर आपली नेमणूक झाली अशा पुढाऱ्याच्या मर्जीतला असतो, आणि कचेरी सुटली तरी त्याची भेट टळत नाही. म्हणून सोडून जाण्याचा मार्ग शेवटचा समजून, राहून स्वतःचे रक्षण कसे करावे, याचाच विचार प्रस्तुत लेखात प्राधान्याने केला आहे.

ओळख आणि तिच्या मर्यादा

१९४१ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी 'द मास्क ऑफ सॅनिटी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात अशा रुग्णांची वर्णने दिली की, ज्यांना भ्रम होत नव्हते, भास होत नव्हते, ज्यांची बुद्धी शाबूत आणि बोलणे मोहक होते; परंतु ज्यांच्या ठायी लज्जा, पश्चात्ताप आणि स्नेह यांचा मागमूसही आढळत नव्हता. पुढे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी या व्यक्तिमत्त्वाचे मोजमाप करण्यासाठी २० लक्षणांची सूची सिद्ध केली. वरकरणी मोहकता, स्वतःच्या थोरवीचा फाजील समज, सराईत खोटेपणा, कावेबाजपणा, परपीडेविषयी बेपर्वाई, दुसऱ्याच्या जिवावर जगण्याची वृत्ती आणि आपल्या कृत्याची जबाबदारी सदैव दुसऱ्यावर ढकलणे ही त्यांतील काही लक्षणे होत. प्रत्येक लक्षणास शून्य, एक किंवा दोन असे गुण देऊन एकूण ४० पैकी ३० वा अधिक गुण पडल्यास ती व्यक्ती 'सायकोपॅथ', म्हणजे मनोविकृत व्यक्तिमत्त्वाची, गणण्याचा प्रघात उत्तर अमेरिकेत पडला. सर्वसाधारण समाजात अशा व्यक्तींचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असावे, असा हेअर यांचा अंदाज आहे.

नोकरदारांच्या दृष्टीने याहून उद्बोधक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पॉल बाबियाक, क्रेग न्यूमन आणि हेअर यांनी, कंपन्यांनी व्यवस्थापकीय प्रशिक्षणासाठी निवडलेल्या २०३ अधिकाऱ्यांची परीक्षा केली, तेव्हा त्यांतील सुमारे शेकडा चार जण त्या सीमेपलीकडे आढळले. परंतु त्या अभ्यासातील मर्म आकड्यापेक्षा पुढच्या निष्कर्षात आहे. ज्यांचे गुण अधिक, त्यांना त्यांच्याच कंपन्यांनी वक्तृत्व, छाप आणि कल्पकता यांत वरचे स्थान दिले होते. आणि प्रत्यक्ष कामगिरी, जबाबदारीची जाण व सहकाऱ्यांबरोबर मिळून काम करणे यांत मात्र तीच माणसे खालच्या क्रमांकावर होती. ज्याचे बोलणे कामाच्या फार पुढे धावते आणि तरीही ज्याची चढती कमान थांबत नाही, त्याच्याविषयी सावध राहण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. हेअर यांची सूची वापरण्याचा अधिकार प्रशिक्षित तज्ज्ञाचा आहे, आणि तोसुद्धा प्रदीर्घ मुलाखत व पूर्वेतिहासाची कागदपत्रे पाहूनच निर्णय देतो. आपण वाचकांनी लेख वाचून साहेबाला 'सायकोपॅथ' ठरवू नये, आणि अर्जात तर तो शब्द मुळीच लिहू नये. कारण त्या शब्दाने तुमची बाजू तसूभरही बळकट होत नाही, उलट भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीचा खटला भरण्याची आयती संधी त्याला मिळते. शिवाय कडक शिस्तीचा अधिकारी, कामात चोख असल्यामुळे अप्रिय झालेला मुख्याध्यापक किंवा घरच्या विवंचनेने चिडचिडा झालेला सहकारी यांच्यावर असा शिक्का मारणे हा उघड अन्याय होय. आपण स्वभावाचे निदान सोडून द्यावे आणि वर्तनाची नोंद करावी. एकच गोष्ट तो तिघांना तीन प्रकारे सांगतो काय? उघडकीस आलेल्या चुकीचे खापर प्रत्येक वेळी नव्या माणसावर फुटते काय? ज्याच्याकडून काम झाले त्याला तो दुसऱ्या दिवशी ओळखही दाखवीत नाही काय? दोन-तीन महिन्यांच्या निरीक्षणात या प्रश्नांची उत्तरे वारंवार होकारार्थी येऊ लागली, तर त्याच्या मनात काय आहे याचा खल न करता आपल्या बंदोबस्ताला लागावे.

अशा माणसाची कार्यपद्धती

बाबियाक व हेअर यांनी २००६ साली 'स्नेक्स इन सूट्स' या पुस्तकात अशा माणसाच्या वाटचालीचे जे टप्पे वर्णिले, ते आपल्याकडील संस्थांना तंतोतंत लागू पडतात. तो प्रवेश करतो तो मोहिनी घालूनच. नंतर कोणाच्या हाती सत्ता, कोणाच्या हाती चावी आणि कोणाच्या मनात कसली उणीव, याची तो टेहळणी करतो. अध्यक्षांसारखा एखादा बडा आश्रयदाता तो खुशामतीने आपलासा करतो. काही भाबड्या सहकाऱ्यांची प्यादी बनवतो. आणि ज्याची गरज संपली त्याला बळीचा बकरा करून बाजूला सारतो. त्याच्या वाटेत खरा अडथळा असतो तो हिशेबनीस, लेखापरीक्षक, भांडारपाल किंवा जुना अव्वल कारकून यांचा, कारण ही माणसे कागद मागतात. एखाद्या संस्थेत अशा माणसांच्या बदल्या एकामागून एक होऊ लागल्या, तर पुढे अफरातफरीची चौकशी लागण्याची शक्यता धरून चालावे.

या सर्व उद्योगाचे भांडवल तीन गोष्टींत असते : तोंडी बोलणे, एकांत आणि माणसामाणसांतील अविश्वास. तुमच्याविषयी गणिताच्या सरांचे कान भरायचे, गणिताच्या सरांविषयी तुमचे कान भरायचे, आणि दोघांनाही 'हे आपल्या दोघांतच राहू द्या' अशी तंबी द्यायची, एवढ्या एका युक्तीवर अख्खी शाळा वर्षानुवर्षे मुठीत ठेवता येते. अशा एका कचेरीतल्या शिपायाने साहेबांचे वर्णन एका वाक्यात केले होते : "सायेब लई गोड बोलतेत, पर कागदावर काय यिऊ देत न्हाईत." त्या वाक्याच्या उत्तरार्धातच पुढील सर्व उपायांचे सूत्र आहे. त्याचे बळ अलिखितात आहे, म्हणून तुमचे बळ लिखितात असले पाहिजे.

कागदाचे बळ

लातूर जिल्ह्यातील एखाद्या अंशतः अनुदानित शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाचा पहिला दिवस डोळ्यांसमोर आणा. सचिव महाशय त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवतात, चहा मागवतात, वडिलांच्या गुडघेदुखीची विचारपूस करतात, यंदा सोयाबीनला काय उतारा पडला याची चौकशी करतात, आणि मग टेबलाच्या खणातून दोन कोरे कागद काढून, "सर, खाली तेवढी सही करून ठेवा, फाइलला लागतंय, तुम्ही तर घरचेच आहात," असे म्हणत पेन पुढे करतात. कोऱ्या कागदावर सही घेण्याची ही वहिवाट सगळेच दुष्ट हेतूने चालवतात असे नाही. कित्येक संस्थाचालक ती केवळ जुनी रीत म्हणून पाळतात. परंतु निर्दय माणसाच्या खणात गेलेला तो कागद तीन वर्षांनी तुमचा राजीनामा होऊन बाहेर येतो.

या ठिकाणी कायदा शिक्षकाच्या बाजूने उभा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ याच्या कलम ७ अन्वये राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही व तारीख घालून, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी आपल्यापाशी ठेवावी, अशी रीत घालून दिलेली आहे. म्हणजे खणातून निघालेल्या कागदापाशी टपालाची पावती नसते, आणि ती नसणे हाच तुमचा मोठा पुरावा होतो. तरीसुद्धा शहाणपण सही न करण्यातच आहे. "साहेब, मजकूर लिहून द्या, वाचून लगेच सही करतो," एवढे नम्रपणे म्हणावे. ज्यांनी पूर्वी सही दिली असेल त्यांनी, अमुक तारखेस कोऱ्या कागदांवर माझ्या सह्या घेण्यात आल्या असून त्यांचा कोणताही उपयोग मला मान्य नाही, अशा आशयाचे पत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन आवक क्रमांकासह पोच घ्यावी.

सरकारी नोकराची गोष्टही फारशी निराळी नाही. तेथे कोऱ्या कागदाची जागा तोंडी हुकूम घेतो : "करून टाका, मी बघतो." प्रकरण अंगाशी आले म्हणजे बघणारा बाजूला होतो आणि करणाऱ्याच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतील नियम ३ अन्वये वरिष्ठाचा निदेश शक्यतो लेखी घ्यावा आणि तोंडी मिळाला असल्यास शक्य तितक्या लवकर त्याला लेखी दुजोरा मिळवावा, असे कर्मचाऱ्यावरच बंधन आहे. तेव्हा लेखी आदेश मागणे हे औद्धत्य नसून नियमपालन होय. आदेश मिळत नसेल, तर आपणच त्याच दिवशी टिपणी ठेवावी : 'आज दुपारी मा. महोदयांनी समक्ष दिलेल्या सूचनेनुसार अमुक कार्यवाही करीत आहे, आदेशार्थ सादर.' खाजगी आस्थापनेत हेच काम एखादा ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरील दोन ओळींचा संदेश करतो. आरोप नाही, तक्रार नाही, झालेल्या बोलण्याचा निव्वळ गोषवारा; परंतु तो वाचला की सराईत माणूस दुसऱ्या दिवसापासून तुमच्याशी तोलून मापून बोलू लागतो.

याखेरीज घरी एक बांधीव वही असावी. तीत तारीख, वेळ, स्थळ, कोण हजर होते, काय शब्द उच्चारले गेले आणि त्यावर आपण काय केले, एवढेच लिहावे. विशेषणे लिहू नयेत. 'साहेबांनी अपमान केला' हे मत झाले. 'साहेबांनी तीन शिक्षकांसमक्ष मस्टर ओढून घेतले आणि माझ्या नावापुढे लाल शाईने गैरहजेरी मांडली, वेळ सकाळी १०.२५' ही हकीकत झाली. चौकशी अधिकाऱ्यापुढे मताला किंमत नसते, हकीकतीला असते. निजामी अमदानीतील जुन्या दफ्तरात एखाद्या प्रकरणाची मिसल तारीखवार शिवून ठेवण्याचा जो शिरस्ता होता, तो आपल्या बाबतीत आपणच चालू करावा. नेमणुकीचा हुकूम, मान्यतेचे पत्र, वेतनचिठ्ठ्या, रजेचे अर्ज, गोपनीय अहवालाची प्रत या सर्वांच्या छायाप्रती कचेरीत न ठेवता घरी ठेवाव्यात. मात्र कार्यालयीन गोपनीय अभिलेख किंवा रुग्णांची कागदपत्रे घरी आणण्याचा मोह टाळावा, कारण तो गुन्हा तुमच्याच माथी बसेल.

वागण्याचा शिरस्ता

अशा माणसापाशी आपली गुपिते बोलू नयेत. घरातील कलह, कर्ज, आजार, मुलाचे नापास होणे, दुसऱ्या संस्थेत चाललेला प्रयत्न या गोष्टी तो कळवळ्याने ऐकून घेतो आणि योग्य वेळी वापरतो. त्याच्याशी कामापुरते, थोडक्यात आणि सौजन्याने बोलावे. त्याच्या काळजाला हात घालण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ आहे; तुमचे अश्रू हे त्याच्या दृष्टीने केवळ तुम्ही कोठे दुबळे आहात याची खूण ठरतात. तसेच सर्वांसमक्ष त्याला खोटे पाडून क्षणिक समाधान मिळवू नये, कारण अशा माणसाला अपमान विसरता येत नाही आणि सूड घेण्यास त्याच्यापाशी सवड भरपूर असते. चिडून उत्तर देणे तर त्याला हवेच असते. तुमच्या चढलेल्या आवाजाला दहा साक्षीदार मिळतात, आणि ज्या डिवचण्यामुळे तो चढला त्याला एकही मिळत नाही.

एकांताची भेट शक्यतो टाळावी. बोलावणे आले तर फाइल घेऊन संबंधित लिपिकासह जावे, दार उघडे असावे. सहकाऱ्याविषयी त्याने काही सांगितले तर ते गिळून मनात न ठेवता, त्या सहकाऱ्याला सरळ विचारावे : "सर, तुम्ही माझ्याविषयी असं बोललात असं माझ्या कानावर आलंय, खरं काय ते सांगा." या एका प्रश्नाने लावालाव्यांची अर्धी इमारत कोसळते. सहकाऱ्यांनी एकत्र येताना मात्र त्याच्याविरुद्ध कट रचण्याची भाषा करू नये. लेखी आदेश सर्वांनीच मागावेत, बैठकीचे इतिवृत्त सर्वांनीच वाचून सही करावी, एवढा संयुक्त शिरस्ता पुरे आहे.

पैशाच्या बाबतीत दाक्षिण्य दाखवू नये. तसलमात आपल्या नावावर उचलून दुसऱ्याच्या हाती देणे, कोऱ्या धनादेशावर दुसरी सही करणे, न आलेल्या मालाची साठानोंदवहीत जमा दाखवणे, न झालेल्या बैठकीच्या प्रोसिडिंगवर नाव घालणे, यांपैकी काहीही 'साहेबांचा शब्द' म्हणून करू नये. लाचेच्या साखळीत दुवा होण्याचा आग्रह होत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे. आणि शिकवणीवर्गात किंवा खाजगी कंपनीत मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची मागणी झाल्यास छायाप्रती द्याव्यात, मूळ कागद देऊ नयेत. 'आमचा क्लास सोडलास तर लातुरात कोठेही शिकवू देणार नाही' अशी धमकी ज्यांना दिली जाते त्यांनी लक्षात ठेवावे की, नोकरी सोडल्यानंतरही आपला व्यवसाय करण्यास मनाई करणारा करार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ अन्वये निरर्थक ठरतो.

दाद कोठे मागावी

दाद मागण्याच्या मुदती काटेकोर आहेत, आणि निर्दय माणूस तुम्हांला गोड आश्वासनांत गुंतवून नेमक्या त्या मुदतीच चुकवायला लावतो. खाजगी शाळेतील कर्मचाऱ्यास बडतर्फ केले, कामावरून कमी केले किंवा खालच्या पदावर आणले, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते. विभागीय चौकशी लागलीच, तर घाबरून न जाता चौकशी समितीवर आपल्या पसंतीचा एक सदस्य नेमण्याचा हक्क वापरावा. तो अन्य खाजगी शाळेतील कर्मचारी असू शकतो, आणि नियम जाणणारा निर्भीड मुख्याध्यापक तेथे बसला की कामकाजाचा नूरच बदलतो. राज्य शासनाच्या सेवकांस महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील खंडपीठ जवळचे आहे. गोपनीय अहवालातील शेरा दडवून ठेवता येत नाही. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळवलाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त प्रकरणात दिला आहे. आपल्याविरुद्ध कोणते कागद रंगवले गेले आहेत हे जाणून घेण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, आणि अनुदानित संस्थाही त्या कायद्याच्या कक्षेत येतात.

स्त्री-कर्मचाऱ्यांचा छळ लैंगिक स्वरूपाचा असेल, तर त्याविषयीच्या २०१३ च्या अधिनियमानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. आडत दुकान, छोटा दवाखाना, चार शिक्षकांचा क्लास अशा ठिकाणच्या भगिनींसाठी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी; चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते.

गाऱ्हाण्याची वेळीच दखल न घेतली जाणे किती महागात पडते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. मेळघाटातील हरिसाल येथील वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आपले जीवन संपवले. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाची आणि वर सांगूनही दखल घेतली न गेल्याची हकीकत लिहिली होती. त्यातील दोषादोषाचा निवाडा हा न्यायासनाचा प्रांत आहे, आणि कोणाच्या व्यक्तिमत्त्वाचे निदान करण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु जी हकीकत अखेरच्या पत्रात उतरली, ती नोंदणी क्रमांक पडलेल्या तक्रारीत वेळीच उतरून तिच्यावर वेळीच निर्णय झाला पाहिजे होता, एवढे म्हणण्यास न्यायालयाच्या निकालाची गरज नाही. खाली सांगूनही ऐकले जात नसेल तर वरच्या पायरीवर, तेथेही नसेल तर त्याही वर, प्रत्येक वेळी लेखी आणि प्रत्येक वेळी पोच घेऊन, हा क्रम सोडू नये.

या सगळ्यात प्रकृतीकडे दुर्लक्ष करू नये. झोप न लागणे, सोमवारच्या विचाराने रविवारी छाती धडधडणे, मुलांवर अकारण राग निघणे, आपणच नालायक आहोत असे वाटू लागणे, ही दुबळेपणाची नव्हे तर दीर्घकाळ सोसलेल्या ताणाची लक्षणे आहेत. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकारशास्त्र विभाग आहेत. शासनाची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतून उपलब्ध आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात एकदाही डोकावला, तर त्याच घटकेला घरच्या माणसाला सांगावे आणि या क्रमांकाचा आधार घ्यावा. आणि इतके करूनही जाच थांबत नसेल, तर नोकरी सोडण्यात पराभव नाही. मात्र दुसरी सोय लावून, येणे-देणे चुकते करून, अनुभवाचा दाखला व कार्यमुक्तीचे पत्र हाती घेऊन सोडावी; रीतसर राजीनामा देईपर्यंत बेताची वाच्यता करू नये.

संस्थाचालकांस दोन शब्द

निर्दय माणूस संस्थेत शिरतो तो मुलाखतीच्या दारातून आणि वाढतो तो आश्रयदात्याच्या सावलीत. उमेदवाराच्या बोलण्यावर भाळण्याआधी त्याच्या मागील दोन नोकऱ्यांत प्रत्यक्ष चौकशी करावी, आणि ती वरिष्ठांकडे न करता त्याच्या हाताखाली काम केलेल्यांकडे करावी. कारण वरच्यांना तो नेहमीच देवमाणूस वाटलेला असतो. खरेदी, हिशेब आणि नेमणुका या तीन किल्ल्या एकाच्या कमरेला लावू नयेत. ज्या विभागातून चांगली माणसे सारखी बाहेर पडत आहेत, तेथे माणसांत खोट आहे की प्रमुखात, याचा शोध घ्यावा. आणि हिशेबनीस जर म्हणाला की, 'साहेब, हे व्हाउचर पास होत नाही,' तर त्याला अडेलतट्टू न म्हणता ते व्हाउचर आधी पाहावे.

शेवटी पुन्हा नोकरदाराकडे वळू. प्रौढ वयात अशा स्वभावाला हमखास पालटवील असा उपचार अद्याप सिद्ध झालेला नाही. तेव्हा आपल्या सहनशीलतेने, सेवेने किंवा चांगुलपणाने तो सुधारेल ही आशा नोकरदाराने बाळगू नये, आणि त्याला सुधारण्याची जबाबदारी स्वतःकडे घेऊ नये. आपली जबाबदारी तीनच गोष्टींपुरती आहे : आपले काम चोख ठेवावे, आपले दफ्तर त्याहून चोख ठेवावे, आणि शेजारच्या टेबलावरील माणूस एकटा पडत असेल तर त्याच्या बाजूने खरी साक्ष द्यावी. पहिल्या दोन गोष्टी पुष्कळ जण करतात. तिसरी करणारी दोन माणसे ज्या कचेरीत निघतात, तेथे निर्दयाचा अंमल फार काळ टिकत नाही.